फवारणी पंपाचा ‘एच’ स्क्रू आवळायला सांगणाऱ्या मेसेजबद्दल

‘जेट-स्कीवाल्यांची परदेशी सेटिंग, आता आपल्या फवारणी पंपाला’ असा एक व्हिडिओ आणि त्याखालचा लांबलचक मेसेज सध्या खानदेशातल्या शेतकरी ग्रुपांवर फिरतोय. असले मेसेज मी वाचतही नाही. पण परवा अमळनेरकडच्या मावसभावाने तोच पुढे पाठवला, वर लिहिलं, ‘दादा, मी असंच करेल शे. पंप एक नंबर चालस.’ त्याला फोन करून जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. उरलेलं लिहितो.

व्हिडिओत तळ्याकाठी उभ्याने चालवायची एक जेट-स्की, म्हणजे पाण्यावरची स्कूटर, आहे आणि तिच्या कार्बोरेटरवर पेचकस फिरवणारा एक माणूस. खाली मराठीत सात कलमं: ‘एच’ स्क्रू (कार्बोरेटरवरचा, फुल रेसला किती पेट्रोल जावं ते ठरवणारा) आवळा, पेट्रोल वाचेल, ई-20 पेट्रोल (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं) थंड असतं म्हणून ऑइल निम्मं करा, मोठ्या नंबरचा प्लग लावा, तो गरम असतो, प्लग पांढरा दिसला की सेटिंग बरोबर, गॅप वाढवा, एअर फिल्टर काढा, काम संपलं की टाकी रिकामी करा.

सगळ्यात घातक कलम पहिलंच आहे. पाठीवरच्या टू-स्ट्रोक पंपाला ऑइलचा वेगळा साठा नसतो. पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइलच पिस्टन, रिंगा आणि बेअरिंगपर्यंत जातं. ‘एच’ स्क्रू आवळला की फुल रेसवर जाणारं पेट्रोल कमी होतं, म्हणजे त्याच्यासोबतचं ऑइलही कमी होतं. वर इंजिन जास्त तापतं. दोन्ही बाजूंनी मार. आणि फसवणूक अशी की सुरुवातीला पंप खरंच जोरात चालतो. पेट्रोल घटलं की रेस चढते, आवाज बारीक, धारदार होतो, धूर दिसेनासा होतो. माणूस खूश. मावसभावाचा ‘एक नंबर’ तो हाच. मग एखाद्या दुपारी कपाशीच्या मधोमध, फवारा सुरू असतानाच रेस आपोआप पडते आणि पंप बंद. दोरी ओढायला जावं तर हलत नाही. पिस्टन फुगून सिलेंडरला चिकटलेला असतो.

पंपाची सेटिंग कानाने करायची असेल तर उलट ऐकावं लागतं. गनचा दट्ट्या बंद असताना, फुल रेसवर, आवाज किंचित फाटका, अडखळता हवा. गन उघडून लोड आला की तोच आवाज साफ व्हायला हवा. लोड नसतानाच जर तो किंचाळत असेल, तर स्क्रू उलटा फिरवा, म्हणजे पेट्रोल वाढवा.

आता ती जेट-स्की. कार्बोरेटर आपल्या पंपासारखाच, डायफ्रामचा, म्हणजे आत लवचिक पडदा असलेला. कारण फ्लोटवाला कार्बोरेटर आडवा-तिरपा झाला की बोंबलतो, आणि जेट-स्की लाटांवर कलंडतेच. कावासाकीने 1973 मध्ये जेट-स्की काढली ती उभ्यानेच चालवायची होती, आणि तेव्हाचं इंजिन टू-स्ट्रोकच. एवढं साम्य मान्य. पण तिचं सिलेंडर तळ्याच्याच पाण्याने थंड होतं. जो जेट मशीनला पुढे ढकलतो, त्यातलंच थोडं पाणी इंजिनाभोवती फिरून बाहेर पडतं. आपल्या पंपाला फ्लायव्हीलचे पाते जेवढा वारा मारतील तेवढाच, तोही सिलेंडरवरच्या पऱ्यांमध्ये (उष्णता सोडणाऱ्या पातळ कडांमध्ये) ऑइलमाखली धूळ बसली नसेल तर. शिवाय ऑक्टोबरचं ऊन. पाण्यात बसलेल्या इंजिनाची सेटिंग यावर आणायची?

आणि गंमत म्हणजे तो व्हिडिओ मी थांबवून थांबवून पाहिला. पेचकस घड्याळाच्या उलट दिशेने फिरतोय. तो माणूस स्क्रू आवळत नाहीये, उघडतोय! जेट-स्कीवाले तेच करतात. तळ्यात फुल थ्रॉटलने लांब पट्टा मारायचा, तिथेच इंजिन बंद करायचं, प्लग काढून बघायचा. पांढुरका दिसला की ‘एच’ उघडायचा. मेसेज लिहिणाऱ्याने व्हिडिओ पाहिलाच नाही, किंवा पाहून उलटं लिहिलं.

ऑइलचं कलम अर्धसत्यावर उभं आहे, म्हणून जास्त पसरतं. इथेनॉलची वाफ होताना तो पेट्रोलपेक्षा जास्त उष्णता शोषतो, हे खरं. पण पुढचं हिशेबाने बघा. साध्या पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाने साधारण 14.7 पट हवा लागते, इथेनॉलला 9 पट. ई-20 ला साडेतेराच्या आसपास. म्हणजे साध्या पेट्रोलवर बसवलेल्या स्क्रूवर ई-20 घातलं की मिश्रण आपोआपच कमी पेट्रोलचं होतं. तिथे स्क्रू थोडा उघडावा लागेल, आवळायचा कसला! ऑइलचं प्रमाण पंपाच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. 1:50 असेल तर लिटरला 20 मिली, 1:25 असेल तर 40 मिली. त्यातलं निम्मं म्हणजे इंजिनाचं वाटोळं.

प्लगच्या नंबरावर तर हसावं की रडावं कळेना. एनजीके कंपनीच्या स्वतःच्या माहितीत स्पष्ट आहे की नंबर वाढला की प्लग थंड होतो. 7 नंबरचा 6 पेक्षा थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारा. बॉशचं, म्हणजे आपल्याकडचे जुने लोक ज्याला मायकोचा प्लग म्हणतात त्याचं, बरोबर उलट आहे. तिथे मोठा नंबर म्हणजे गरम. त्यामुळे ‘मोठा नंबर लावा’ या वाक्याला काही अर्थच नाही. दुकानदाराकडे डबी कोणती आहे त्यावर सगळं. आणि गरम प्लगने ताकद वाढत नाही. प्लगचं टोक साधारण 450 ते 850 अंशांच्या दरम्यान राहावं, एवढ्यासाठी हे नंबर असतात. खाली राहिलं तर काजळी धरते, वर गेलं तर ठिणगीआधीच मिश्रण पेटतं. पुस्तिकेत जो नंबर असेल तोच मागा.

पांढरा प्लग चांगला, हेही असंच. आतल्या चिनी मातीचा रंग फिका चॉकलेटी, बिस्किटासारखा हवा. ओला काळा असेल तर पेट्रोल किंवा ऑइल जास्त, किंवा फिल्टर तुंबलेला. इथे मेसेजवाल्याची थोडी बाजू घेतो: काळा प्लग दिसला की कार्बोरेटर बघायलाच हवा. पण खडूसारखा पांढरा झाला असेल तर भिंग घेऊन बघा. त्यावर बारीक, राखाडी, चकचकीत दाणे दिसले तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे, वितळून उडालेलं.

गॅप वाढवू नका, 0.5 ते 0.7 मिलिमीटरच्या दरम्यान पुस्तिकेत जो असेल तोच. फिल्टर काढू नका, धूळ सरळ सिलेंडरमध्ये जाते. यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

टाकी रिकामी करायचं कलम बरोबर आहे, नाइलाजाने मान्य. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतो, डायफ्राम खराब होतो. फक्त टाकी ओतून थांबू नका. पंप सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्बोरेटरही रिकामा होतो.

ज्यांनी स्क्रू आधीच आवळलाय त्यांनी आता लगेच पंप सुरू करू नये. सायलेन्सर सोडवा, दोरी हळूच ओढून पिस्टन खाली-वर करा आणि धुराच्या भोकातून बॅटरीने बघा. पिस्टन गुळगुळीत असेल तर स्क्रू पुस्तिकेतल्या फेऱ्यांवर परत आणा, पूर्ण ऑइलचं ताजं पेट्रोल घाला. उभे ओरखडे दिसले तर पंप तसाच मिस्तरीकडे न्या, आणि काय केलं होतं ते त्याला खरं सांगा. मावसभावाच्या पंपातले ओरखडे बारीक निघाले. रिंगा मागवल्यात.