न संपणाऱ्या कमांडची वाट किती पाहायची?

रात्री क्रॉनने, म्हणजे ठरलेल्या वेळी कामे सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमने, सुरू केलेली स्क्रिप्ट सकाळीही चालूच असावी, लॉगमध्ये (कामाच्या नोंदवहीत) एका ओळीचीही भर पडलेली नसावी आणि तासातासाला सुरू झालेल्या तिच्याच नव्या प्रती मागे येऊन अडकलेल्या असाव्यात, हा प्रकार आता असह्य झाला आहे. प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम, बंद पडली असती तर निदान कळले तरी असते. ती नुसती ताटकळत बसते, आणि यात काही गैर आहे असे हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना वाटतच नाही.

सर्व्हरकडून मजकूर उतरवून घेणाऱ्या कर्लचेच पाहा. जोडणी होण्यासाठी ते ३०० सेकंद थांबते, पण जोडणी झाल्यावर समोरचा सर्व्हर गप्प बसला, तर मॅक्स-टाइम हा पर्याय दिल्याशिवाय त्याला कसलीच मर्यादा नाही. तेच काम करणारे डब्ल्यूगेट तर ९०० सेकंद उत्तराची वाट पाहते आणि असे २० वेळा करते; म्हणजे मुक्या सर्व्हरपायी पाच तास गेले, तरी हे सारे ठरल्याप्रमाणेच चालले आहे! मर्यादा हवी असेल त्याने ती मागून घ्यावी, हा उलटा न्याय कोणी ठरवला?

त्यावर दुसऱ्या कमांडला वेळेची मर्यादा घालणारी टाइमआउट कमांड वापरा, असा सल्ला तत्परतेने मिळतो. ती वेळ संपल्यावर टर्म सिग्नल, म्हणजे थांबण्याची विनंती, पाठवते, पण प्रोग्रॅमने तो मनावर घेतला नाही तर पुढे काही करत नाही. त्यासाठी के हा पर्याय जोडून सक्तीने बंद करणाऱ्या किल सिग्नलची सोय आपणच करायची. एरवी वेळ संपल्याचा निर्गमन-संकेत (कमांड संपताना परत देते तो निकालाचा आकडा) १२४ असतो, किल पाठवावा लागला की तोच १३७ होतो, त्यामुळे फक्त १२४ तपासणाऱ्या स्क्रिप्टला सर्वांत हट्टी प्रोग्रॅम सापडतच नाही. हार्ड माउंट केलेल्या (उत्तर येईपर्यंत प्रयत्न करतच राहणाऱ्या) एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरच्या फाइल-साठ्यावर, सर्व्हर नाहीसा झाला आणि प्रोसेस डी अवस्थेत, म्हणजे सिग्नललाही दाद न देणाऱ्या प्रतीक्षेत, गेली, तर टाइमआउटही तिच्यासोबत अडकून पडू शकते.

सर्वांत संताप येतो तो पाइपचा, म्हणजे एका कमांडचे आउटपुट दुसरीला देणाऱ्या जोडणीचा. टाइमआउट लावून कर्ल चालवले आणि त्याचे आउटपुट पाइपने मजकूर दाबून लहान करणाऱ्या जीझिपला दिले, तर १२४ कुठल्या कुठे गडप होतो, कारण या कमांड चालवणारे बॅश शेवटच्या कमांडचाच निकाल धरते आणि जीझिपने मिळालेला अर्धामुर्धा मजकूर निमूटपणे दाबून शून्य, म्हणजे यशाचा संकेत, परत केलेले असते. आधीच्या कमांडचे अपयशही धरायला लावणारे पाइपफेल लावले नसेल, तर तीच अपुरी फाइल यशस्वी बॅकअप म्हणून साठवली जाते.