टिल्डा कुठून आणू?

क्वेक थ्री अरीना हा १९९९चा, बंदुका घेऊन लढायचा गेम. त्याला काय लागतं हो? आजचा कुठलाही हँडहेल्ड, म्हणजे हातात धरून खेळायचा छोटा पीसी, झोपेत चालवेल. सेकंदाला धो धो फ्रेम्स मिळतात. अडतं ते भलत्याच ठिकाणी.

मेनूतली रिझोल्यूशनं जवळपास सगळी ४:३, आणि माझी स्क्रीन त्याहून रुंद, १२८० बाय ८००. मग कन्सोल (गेममधली आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडा, आर-मोड नावाची सेटिंग उणे एक करा, रुंदी-उंची हाताने भरा. कन्सोल उघडतो टिल्डाच्या (~) बटणाने. हँडहेल्डवर टिल्डा? ऑनस्क्रीन कीबोर्ड काढला की तो नेमका तोच भाग झाकतो जिथे आपण टाइप करतोय! बरं, सेटिंग्जच्या कॉन्फिग फाइलमध्ये लिहून ठेवावं, तर गेम बंद होताना ती फाइल स्वतःच पुन्हा लिहितो. त्यासाठी ऑटोएक्झेक नावाची वेगळी फाइल करायची. आणि सगळं नव्याने इन्स्टॉल केलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

आणि गेममधली ती रेलगन, एकेक गोळी अचूक मारायची बंदूक! जन्मलीच माउससाठी. अंगठ्याच्या स्टिकने तिचा नेम धरणं म्हणजे विरार लोकलमध्ये उभ्याने सुईत दोरा ओवणं. जायरो (हँडहेल्ड हलवून नेम धरायची सोय) चालू करावा, तर रुळांच्या प्रत्येक सांध्याला नेम थेट छताला. (चौथ्या सीटवाल्यांनी तर जायरोचं नावही काढू नये, शेजारचे काका बघतात.)

घरी वायफायवर ऑनलाइन गेलो, तर तिथे वर्षानुवर्षं माउस झिजवलेली मंडळी टपलेलीच. उतरलो की तुकडे.

त्यापेक्षा बॉट, म्हणजे गेमच चालवतो ते खेळाडू, परवडले. त्यांना नेट लागत नाही, आणि बोरिवलीपर्यंत एखादी मॅच जिंकताही येते. तीही सर्वांत सोप्या लेव्हलवर.