गुलमर्गचं डिजिटल गाईड काढताय? मग नेटवर्क नाही असं समजूनच काढा

आमच्या कंपूत सध्या एक बेत शिजतोय. गुलमर्गला स्कीइंगला जाणाऱ्यांसाठी डिजिटल गाईड काढायचं, तेही 'आतल्या गोटातलं'. परवा त्याचा आराखडा वाचला. ड्रोन व्हिडिओ, फोटो कुठे काढायचे, हॉटेलांची क्रमवारी. सगळं चकाचक. पण हे गाईड तिथे उघडणार कसं?

जम्मू-काश्मीरबाहेर घेतलेलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड चालतं. म्हणजे कित्येकांचा फोन श्रीनगरला उतरल्या उतरल्या मुका. त्यात कडाक्याच्या थंडीत बॅटरी बघता बघता बसते. म्हणून गाईड घरूनच डाउनलोड झालं पाहिजे, वजनाला हलकं पाहिजे आणि हातमोजा क्षणभर काढून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात पाहिजे. व्हिडिओ हवे तर घरी सोफ्यावर बघायला ठेवा.

दुसरं म्हणजे, आराखड्यातला प्रत्येक दिवस निळ्याशार आभाळाचा आहे. माझ्या मते निम्मं गाईड बंद दिवसांसाठी हवं. गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, पहिला टप्पा (1998 ला सुरू झालेला) कोंगदूरीपर्यंत जातो, दुसरा (2005) अफरवट डोंगरावर साधारण 3,950 मीटरपर्यंत. वाऱ्याचा जोर वाढला किंवा हिमस्खलनाचा धोका असला की दुसरा टप्पा बंद. आधीच ऑनलाइन तिकीट काढून आलेला माणूस मग तिथे उभा राहून काय करणार? परतावा कसा मिळतो, पहिल्या टप्प्यावर नवशिक्याला काय जमेल, जोरदार बर्फ पडला की पायथ्याच्या टंगमर्ग गावापासून वर चाकांना चेन लावलेल्या किंवा फोर-बाय-फोर गाड्याच का सोडतात, हे लिहा ना.

'जानेवारी सर्वोत्तम' असलं वाक्यही नको. 2024 च्या जानेवारीत गुलमर्ग जवळजवळ कोरडं होतं, पर्यटक मातकट उतारांचे फोटो टाकत होते. आणि त्याच हिवाळ्यात, 22 फेब्रुवारीला, हिमस्खलनात एका रशियन स्कीअरचा जीव गेला. आदल्या वर्षीच्या फेब्रुवारीत अफरवटवरच दोन पोलिश स्कीअर असेच दगावले होते. एका हिवाळ्यात इतकं पालटतं, तर प्रत्येक ओळीखाली तारीख हवीच.

यावरूनच आमचं वाजलं. एकाला ऑफ-पिस्ट, म्हणजे आखलेल्या स्की-मार्गांबाहेरच्या, उतारांचे जीपीएस ट्रॅक द्यायचेत, 'हीच तर आपली खासियत' म्हणे. माझा ठाम विरोध आहे. बहुतेक हिमस्खलनं 30 ते 45 अंशांच्या उतारांवर होतात आणि गुलमर्गला जग येतं ते नेमक्या तसल्याच उतारांसाठी. काल सुरक्षित असलेला उतार रात्रभर बर्फ पडल्यावर आज सुरक्षित नसतो. ट्रॅकला हे कळत नाही, तो आपला निळी रेघ दाखवत राहतो. त्याऐवजी ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याचा ठाव लावणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं का लागतं ते सांगा, आणि स्की पेट्रोलला, म्हणजे उतारांवरच्या सुरक्षा पथकाला, विचारल्याशिवाय वर जाऊ नका हे पहिल्या पानावर टाका.

हॉटेलांवर मला काही म्हणायचं नाही, ती यादी कुणीही करेल.

ड्रोन उडवायला आमच्यात चढाओढ आहे. पण हंगामात रोज सकाळी 'आज फेज टू बंद' एवढी एक ओळ टाकणार कोण, यावर अजून कुणी तोंड उघडलेलं नाही. ते काम टंगमर्गच्या एखाद्या जाणत्या गाईडला द्या, आणि हंगामभराचे पैसे त्याला आगाऊ द्या. एवढं ठरलं तर मी लिहायला बसतो.