पातेलं किती लिटरचं?

घरच्या घरी किटवर बिअर करण्यात मी सुखात होतो. माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, घट्ट अर्क डब्यात येतो; त्यात हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं, आधीच मिसळलेली असतात. तो गरम पाण्यात विरघळवायचा, प्लास्टिकच्या पिंपात ओतायचा, साखर आणि थंड पाणी घालून ढवळायचं, झाकणाखाली मिळालेलं यीस्टचं पाकीट वर भुरभुरायचं आणि एअरलॉकमधले, म्हणजे झाकणावरच्या वायू बाहेर सोडणाऱ्या नळीतले, बुडबुडे बघत बसायचं. डबा उघडता येणं एवढीच काय ती पात्रता. जे तयार होतं ते पिता येतं. पाहुणेसुद्धा पितात, "छान आहे" म्हणतात आणि अर्धा ग्लास जपून टेबलावर ठेवतात.

पण या छंदात तुमच्याआधी उडी मारलेला एक मित्र असतोच. माझ्याही नशिबी आहे. त्याला इथे जाणकार म्हणतो, कारण त्याला तसंच आवडतं. जाणकाराने एकदा माझा ग्लास उजेडासमोर धरला, हुंगला आणि म्हणाला, "किट सोड आता. धान्यापासून कर."

मी साधा प्रश्न विचारला. "त्याला लागतं काय काय?"

"ते तू काय करणार त्यावर आहे."

या वाक्याची तेव्हा मला नीट ओळख नव्हती. पुढे कुठलाही प्रश्न विचारला की हेच वाक्य आधी दार उघडायला येई.

सुरुवात पातेल्यापासून झाली. मला हवी होती वीस लिटर बिअर, तेव्हा वीस लिटरचं पातेलं घ्यावं असा माझा भाबडा हिशोब. जाणकाराने कागद ओढला. वीस लिटरला साधारण ५ किलो माल्ट. ते भिजताना किलोमागे जवळपास लिटरभर पाणी पिऊन बसतं आणि परत देत नाही. मग तासभर उकळायचं, त्यात तीन-चार लिटरची वाफ होते. तळाशी हॉप्सचा चोथा आणि प्रथिनांचा गाळ उरतो, तो आणखी एक-दोन लिटर अडकवतो. म्हणजे पाणी घ्यायचं तीस लिटर. त्यात धान्य स्वतःची तीनेक लिटर जागा व्यापतं. शिवाय उकळी फुटताना फेस वर येतो, त्यालाही डोकं वर काढायला जागा हवी. शाळेत एका नळाने भरणारा आणि दोन नळांनी रिकामा होणारा हौद असायचा. तो हौद नेमका कुणाच्या कामाला येतो हे मला इतक्या वर्षांनी कळलं. उत्तर आलं ४० लिटर. "पण पुढेमागे मोठा घाणा करावासा वाटला तर," जाणकार म्हणाला, "पन्नासच घे."

पन्नास लिटरचं पातेलं शेगडीवर बसत नाही. बसलं तर तापत नाही. ३० लिटर पाणी २० अंशांवरून १०० अंशांवर न्यायला २ किलोवॉटच्या हीटरला, उष्णतेचा एक कणही वाया गेला नाही असं धरलं तरी, ८४ मिनिटं लागतात. प्रत्यक्षात वाया जाते, भरपूर जाते. वर झाकण लावून चालत नाही, कारण उकळताना शिजलेल्या मक्यासारख्या वासाचं एक गंधकयुक्त द्रव्य तयार होतं, ते वाफेबरोबर निघून जायला हवं. ते निघून घरभर जातं.

आता पद्धत निवडायची. जुन्या वळणाची म्हणजे तीन भांड्यांची: एकात पाणी तापतं, दुसऱ्यात माल्ट भिजतं, तिसऱ्यात वर्ट, म्हणजे माल्टचं निथळलेलं गोड पाणी, उकळतो. तिन्ही भांडी उतरंडीने तीन पायऱ्यांवर मांडली तर पंप लागत नाही, घराचा कारखाना मात्र होतो. दुसरी पद्धत ऑस्ट्रेलियातल्या हौशी मंडळींनी रूढ केली: पातेल्यातच जाळीदार कापडी पिशवी सोडायची, तिच्यात माल्ट भिजवायचं आणि तासाभराने पिशवी उचलून घ्यायची. एक भांडं, एक पिशवी. ऐकून माझे डोळे भरून आले. मग जाणकाराने सांगितलं की ५ किलो माल्ट पाणी पिऊन दहाच्या घरात जातं, ६५ अंशांवर असतं आणि उचलल्यावर निथळेपर्यंत तसंच धरावं लागतं.

"म्हणून छताला एक हुक आणि कप्पी," तो म्हणाला.

मी छताकडे पाहिलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं. "तिथे पंखा आहे," ती म्हणाली, आणि कप्पीचा विषय संपला.

तिसरा पर्याय म्हणजे सगळं एकात असलेलं विजेचं यंत्र. आत धान्याची जाळी, खाली हीटर, बाजूला पंप, वर आकडे दाखवणारा पडदा. चकचकीत स्टील. त्याचा फोटो मी झोपण्यापूर्वी बघू लागलो. त्या यंत्रामुळे बिअर चांगली होते का, या प्रश्नावर जाणकाराने बराच वेळ घेतला आणि म्हणाला, "पाठ चांगली राहते."

मोजमापाच्या साधनांचं तर वेगळंच घराणं आहे. माल्ट ६५ अंशांना भिजवलं तर बिअर हलकी, कोरडी होते. ६८ ला भिजवलं तर अंगाने भरदार. सगळा खेळ या तीन अंशांचा, आणि घरातले दोन थर्मामीटर आपसात दोन अंशांनी भांडत असतात. ज्याच्या नावाने आपण ऊर्जा मोजतो तो जेम्स ज्यूल ब्रुअरीवाल्याचा मुलगा होता आणि तापमानातले बारीकसारीक फरक टिपण्यात त्याचा हातखंडा होता, हे वाचल्यावर मला त्याच्याविषयी एकदम आपुलकी वाटली. पीएचचं, म्हणजे आंबटपणाचं, मोजमापही बिअरवाल्यांच्याच गोतावळ्यातलं: १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन यांनी ती पट्टी आखली. तिचा मीटर मात्र फार नाजूक प्रकृतीचा. त्याची कांडी सुकू द्यायची नाही, खास द्रावणात ठेवायची, वापराआधी ओळखीच्या पीएचची दोन द्रावणं दाखवून त्याची स्मृती ताजी करायची. एवढी सेवा मी कुणा वडीलधाऱ्यांचीही केलेली नाही. गोडवा मोजायला हायड्रोमीटर पुरतो, पण तो काचेचा असतो आणि टेबलाच्या कडेकडे त्याची ओढ उपजत असते. त्याऐवजी थेंबभर द्रवावर काम भागवणारा रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा, तर आंबवण सुरू होऊन अल्कोहोल आलं की त्याचा आकडा चुकतो आणि दुरुस्तीचं गणित करावं लागतं.

उकळता वर्ट लवकर थंड करायचा तर चिलर हवा. तांब्याच्या नळीचं वेटोळं की पातळ पत्र्यांचा छोटा ठोकळा? ठोकळा झपाट्याने थंड करतो, पण त्याच्या आत हॉप्सचा चुरा अडकला तर दिसत नाही; निघाला की नाही हे देवालाच ठाऊक. वेटोळं सोपं. उकळीच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत तेच पातेल्यात सोडलं की निर्जंतुकही होतं. इथे मी प्रथमच कुणालाही न विचारता निर्णय घेतला आणि दिवसभर स्वतःवर खूश होतो.

हे सगळं चालू असताना जाणकार अधूनमधून एक वाक्य बोलायचा, ज्याकडे माझं लक्ष जावं असं मला वाटत नव्हतं. "पैसे आधी फ्रिजवर घाल." आंबवताना यीस्ट स्वतःच उष्णता सोडतं, पिंपाच्या आतला द्रव खोलीपेक्षा काही अंशांनी गरम राहतो. एल या जातीच्या बिअरच्या बहुतेक यीस्टना विशीच्या आसपासचं तापमान मानवतं. त्याच्या बरंच वर गेलं की बिअरला नेलपॉलिश काढायच्या द्रवाची आठवण येऊ लागते. तेव्हा जुना फ्रिज आणि त्याला चालू-बंद करणारा तापमान नियंत्रक, एवढ्याने किटच्या बिअरचीसुद्धा चव सुधारते. पातेलं पन्नासाचं असो की तिसाचं, यीस्टला त्याचं सोयरसुतक नसतं.

मला हे पटलं होतं. पटणं आणि आवडणं यात अंतर आहे. चकचकीत यंत्रापाशी उभं राहून माणूस फोटो काढतो. दार नीट न लागणाऱ्या वापरलेल्या फ्रिजपाशी कोण उभं राहील?

बायकोने हिशोबाची यादी वाचली, यंत्राच्या ओळीपाशी बोट थांबवलं आणि विचारलं, "हे नसेल तर बिअर होत नाही?"

"होते."

"आणि फ्रिज नसेल तर?"

"होते, पण…"

"मग फ्रिज."

अशा रीतीने जाणकाराने अनेक बैठकांत केलं नाही ते काम तीन वाक्यांत उरकलं. फ्रिज आला. पातेलं चाळीसाचं, पिशवी, तांब्याचं वेटोळं, एक हायड्रोमीटर आणि, अनुभवी लोक सांगतात म्हणून, लगेच दुसरा हायड्रोमीटर. माल्ट दळलेलंच मागवलं, कारण दळायच्या यंत्राच्या दोन रोलरमधली फट किती ठेवावी यावर जाणकार बोलू लागला तेव्हा मी फोनची बॅटरी संपल्याचं जाहीर केलं.

या छंदात बिअर करण्यापेक्षा भांडी घासण्यातच जास्त वेळ जातो, हे सगळे सांगतात. चाळीस लिटरचं पातेलं स्वयंपाकघरातल्या नळाखाली मावत नाही, हे कुणीच सांगत नाही. ते न्हाणीघरात नेऊन, तोटी सुटी करून, आत निम्मा वाकून मी घासत होतो, तेव्हा बाहेरून दारावर थाप पडली.

"आत कोण आहे?"

"मी आणि पातेलं."

"मला आंघोळ करायची आहे. दोघांपैकी एकाने बाहेर या."

मी निघालो. पातेलं दारातून आडवंच निघतं आणि त्यात अजून पाणी होतं.