खिडकीच्या काचेला ऑइल पेंट फासून फॅन फिरत नाही

डिचोलीच्या आमच्या मावशीने परवा खिडकीची एक काच उतरवली, तिला पांढरा ऑइल पेंट फासला आणि ती गॅसच्या शेगडीवर ठेवली. काच तडकली, स्वयंपाकघरात धूर कोंडला आणि दम्याचा पंप हातात घेऊन मावशी अंगणात आली. हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवरच्या एका व्हिडिओपायी. त्यात म्हणे, पांढऱ्या रंगात टायटॅनियम डायऑक्साइड असतं; काचेला लावून भाजा, कोकमाच्या आगळात बुडवा, वर टिंक्चर आयोडीन सोडा, उन्हात ठेवा आणि त्या विजेवर घरचा फॅन फुकट चालवा. कंपन्या हे लपवतात!

लपवतात कुठे? ब्रायन ओ'रेगन आणि मायकेल ग्रेट्झेल या शास्त्रज्ञांनी रंगद्रव्यावर चालणारा हा सौर घट, म्हणजे रंगाने ऊन टिपून वीज बनवणारी काच, 1991 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात छापला. कार्यक्षमता 7 टक्क्यांच्या वर होती. व्हिडिओवाल्याने तो लेख उघडला असता तर पेंटच्या डब्याला हात लावला नसता.

कारण सगळी करामत सच्छिद्रतेत आहे. सपाट पृष्ठभागावर रंगद्रव्याचा एका रेणूइतका थर बसतो आणि तो एक टक्काही प्रकाश टिपत नाही. त्या दोघांनी टायटॅनियम डायऑक्साइडच्या काही नॅनोमीटरच्या (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) कणांचा 10 मायक्रॉन जाडीचा थर बनवला. स्पंजासारखा. एक चौरस सेंटिमीटर काचेवर आतल्या भोकाभोकांचं क्षेत्रफळ धरलं तर सुमारे 780 चौरस सेंटिमीटर! रंगद्रव्य चिकटतं ते तिथे. प्रयोगशाळेत बारीक पूड एथिल सेल्युलोजसारख्या पदार्थात घोटून लापशी करतात, काचेवर पसरतात आणि भट्टीत 450 अंशांच्या आसपास हळूहळू भाजतात. सेल्युलोज जळून जातं, त्याच्या जागी भोकं राहतात आणि कण एकमेकांना जुळून इलेक्ट्रॉनला वाट मिळते.

ऑइल पेंट याच्या नेमका उलट. त्याचं कामच फटी बुजवायचं. त्यातले कण 200-300 नॅनोमीटरचे, म्हणजे पांढरेपणासाठी मुद्दाम मोठे ठेवलेले. उन्हात रंगाची भुकटी होऊ नये म्हणून त्यांच्यावर सिलिका किंवा अ‍ॅल्युमिनाचं कवचही असतं. भोवती राळ. ती शेगडीवर जाळलीत तर मिळतो धूर, आणि काच एकाच जागी तापून फुटते. दमेकऱ्याच्या घरात हा प्रयोग सुचवणाऱ्याला काय म्हणावं?

बरं, काच तरी कुठली? खिडकीची काच वीज वाहूनच नेत नाही. या घटाला एका बाजूने वीजवाहक टिन ऑक्साइडचा पारदर्शक थर असलेली काच लागते. मग विजेची तार जोडणार कुठे?

कोकमाचं मात्र मान्य करावं लागेल. त्यात अँथोसायनिन हे लाल-जांभळं रंगद्रव्य असतं, ते टायटॅनियम डायऑक्साइडला खरोखर चिकटतं आणि असा घट चालतोही. आयोडीनची कल्पनाही अगदीच हवेतली नाही, खऱ्या घटातही आयोडीनचं द्रावण वापरतात. पण घरच्या आगळात मूठमूठ मीठ असतं, आणि अशा नैसर्गिक रंगांची कार्यक्षमता बहुतेक वेळा एक टक्क्याच्या आतबाहेर.

तो एक टक्का धरूनच फॅनचा हिशोब करू. 50 चौरस सेंटिमीटरच्या, म्हणजे साधारण व्हिजिटिंग कार्डाएवढ्या काचेवर भर दुपारी 5 वॅट ऊन पडतं. त्यातून वीज निघते 0.05 वॅट. साधा फॅन 75 वॅटचा. म्हणजे 1500 काचा, आणि तेही ढग नसताना.

हे सांगितलं तर मावशी म्हणाली, “व्हिडिओत तर फॅन फिरत होता ना रे!” फिरत होता, टेबलाखालून गेलेल्या वायरवर. पुन्हा बघ म्हटलं, दिसते ती.

ज्याने तिला तो व्हिडिओ पाठवला त्या माझ्या मावसभावाला हे सगळं पाठवतोय. सोबत काचेचं माप आहे, अडीच फूट बाय दीड. पाऊस आत येण्याआधी त्यानेच आणून बसवावी.