बीसीएएचा डबा आणि चौथ्या तासाचा थकवा

सायकलवाल्यांच्यात एक फॉरवर्ड फिरतोय, म्हणे लांब राईडला थकवा येतो तो अमायनो अ‍ॅसिड कमी पडल्याने, तेव्हा बाटलीत बीसीएए (ल्युसिनसारख्या तीन अमायनो अ‍ॅसिडची पावडर) टाका, वर सी आणि ई व्हिटॅमिनच्या गोळ्या घ्या, पायातलं लॅक्टिक अ‍ॅसिड साफ होईल. मीपण एकदा असला डबा घेतलेला, म्हणून बोलतोय.

आधी बीसीएए. कल्पना अगदीच हवेतली नाहीये, एरिक न्यूजहोम या बायोकेमिस्टने ऐंशीच्या दशकात मांडलेलं की तासन्‌तास व्यायामात रक्तातले बीसीएए घटतात, मग मेंदूत ट्रिप्टोफॅन (हेही एक अमायनो अ‍ॅसिडच) जास्त शिरतं, त्यापासून बनणारं सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन वाढतं आणि माणूस ढेपाळतो. ऐकायला झकास! पण १९९५ मध्ये व्हान हॉल वगैरेंनी १० तयारीच्या खेळाडूंना सायकलवर बसवलं, साखरपाण्यात पाळीपाळीने कधी बीसीएए, कधी ट्रिप्टोफॅन, कधी नुसती साखर, तर दर वेळी गडी साधारण १२२ मिनिटांनीच गार. वर जास्त बीसीएएने रक्तातला अमोनिया वाढला तो वेगळाच.

आणि साधा हिशोब करा ना, २०० वॅटने तासभर चालवलं की ७०० च्या आसपास कॅलरी जातात, आणि १० ग्रॅम पावडरीतून मिळतात जेमतेम ४०. मी चौथ्या तासाला चढावर हँडलवर डोकं टेकून उभा होतो, बाटलीत बीसीएए होतं, पोटात काही नव्हतं. स्नायूंतलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, संपली की संपलं. १९८६ च्या कॉइलच्या प्रयोगात नुसतं पाणी घेणारे सायकलपटू ३ तासांत थकले, कार्ब घेत राहिलेले ४ तास टिकले, म्हणून तासाला ६० ग्रॅम कार्ब, सवय असेल तर ९०.

लॅक्टिक अ‍ॅसिडचं तर सोडाच, लॅक्टेट (शरीरात ते याच रूपात असतं) हे स्नायू आणि हृदय इंधन म्हणून जाळतात आणि राईडनंतर तासाभरात ते नॉर्मलला येतं, दुसऱ्या दिवशीचं दुखणं त्याचं नव्हेच.

व्हिटॅमिनच्या गोळ्यांचं उलटंच आहे, २००९ मध्ये रिस्टो यांच्या प्रयोगात रोज १ ग्रॅम सी आणि ४०० युनिट ई घेणाऱ्यांना व्यायामाने इन्सुलिनच्या कामात होणारी सुधारणा मिळालीच नाही.

सगळंच थोतांड नाही हां, कॅफीन चालतं, वजनाच्या दर किलोला ३ मिलिग्रॅम पुरे. आयर्नपण, पण फेरिटिन (शरीरातल्या लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) खरंच कमी असेल तरच, रिपोर्ट न काढता गिळू नका.

माझा डबा अजून अर्धा भरलेला पडलाय, त्यातला स्कूप तेवढा साखर घ्यायला वापरतो.