एमआरआय आणि दातांतला धातू : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

दातांत चांदी भरलेली असली तरी एमआरआय करून घ्यायला हरकत नाही, हे माझे विधान आपणांस बेजबाबदार वाटले. जानेवारी 2018 मध्ये मुंबईत ऑक्सिजनच्या सिलिंडरसह यंत्राकडे खेचला जाऊन एका तरुणाचा मृत्यू झाला, त्याचा दाखला देऊन आपण लिहिता की, आईंच्या मेंदूच्या तपासणीआधी त्यांच्या दातांतली चांदी काढून घेणार आहात. कृपया तसे करू नका.

1.5 टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राची तीव्रता मोजण्याचे एकक) एमआरआय यंत्राचे क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे 30 हजार पट तीव्र असते आणि पोलादी सिलिंडर त्याकडे झेपावतो. पण दातांतली चांदी म्हणजे मुख्यतः पारा, चांदी, कथील आणि तांबे यांचे मिश्रण, आणि यांपैकी एकही धातू चुंबकाकडे असा ओढला जात नाही. टायटॅनियमच्या इम्प्लांटवरचा (कृत्रिम दातासाठी जबड्यात बसवलेल्या खुंट्यावरचा) ओढा अतिशय क्षीण असतो आणि ते हाडात पक्के रुजलेले असते.

एमआरआयमुळे चांदीतला पारा सुटेल ही आपली शंका मात्र निराधार नाही. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, काढलेल्या दातांत चांदी भरून ते 7 टेस्लाच्या यंत्रात ठेवल्यावर कृत्रिम लाळेत पारा लक्षणीय वाढला, 1.5 टेस्लाला तसे झाले नाही, आणि 3 टेस्लाची चाचणी त्यात नव्हती. रुग्णालयांत नेहमीच्या वापरातली यंत्रे 1.5 किंवा 3 टेस्लाची असतात. उलट सुस्थितीतली चांदी कोरून काढताना पाऱ्याची वाफ सुटते, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही 2020 मध्ये ती विनाकारण काढू नये असे सांगितले.

खरी अडचण बहुधा प्रतिमेची असते. वेड्यावाकड्या दातांना लावलेल्या स्टीलच्या तारांमुळे जबडा, जीभ आणि मेंदूचा पुढचा भाग यांच्या प्रतिमेत काळे डाग पडतात, त्यामुळे कधी कधी तार तेवढी तात्पुरती काढावी लागते; गुडघ्याच्या तपासणीत तिने काही बिघडत नाही.

सर्वांत जपावे लागते ते चुंबकाने बसणाऱ्या कवळीच्या बाबतीत. ती बाहेर काढून ठेवावीच, शिवाय दाताच्या मुळावर किंवा इम्प्लांटवर कायम बसवलेला तिचा लोहयुक्त भाग तंत्रज्ञांना आधी कळला पाहिजे. आईंच्या तोंडात असे काही आहे का, हे त्यांच्या दंतवैद्यांकडून लिहून घ्यावे आणि तो कागद तपासणीच्या वेळी सोबत न्यावा.